पान एकोणचाळिसावरचं माझं नाव

मी पुणं सोडलं त्या दुपारी आमच्या दारात एवढी माणसं जमली होती, की खालच्या मजल्यावरच्या काकू 'कोण गेलं हो?' असं विचारत धावत वर आल्या. गेलो मीच होतो. फक्त जिवंत होतो आणि आयर्लंडला निघालो होतो. बॅगांचं वजन करायला मिलिंदने कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून हुकाचा काटा मागून आणला होता. म्हणजे देश सोडताना माझं वजन रद्दीच्या काट्यावर झालं. आई दर पाच मिनिटांनी एक पुडी बॅगेत सरकवायची, मिलिंद काटा बघून ती बाहेर काढायचा. असं किमान चाळीस वेळा झाल्यावर आई त्याच्यावर डाफरली, "तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस रे?"

"विमानाच्या, काकू," मिलिंद म्हणाला.

वडील जन्मभर नोंदणी कार्यालयात कारकून. लोकांच्या सह्या आणि अंगठे बघून बघून त्यांचा मनुष्यजातीवरचा विश्वास पार उडालेला. त्यांनी मला एकच उपदेश केला, "सही करण्याआधी वाच. वाचून झालं की परत वाच." आईचा उपदेश त्याहून व्यवहारी होता, "तिकडे मीठ तरी मिळतं का, ते आधी बघ."

गाडीत बसलो तेव्हा मिलिंदने खिडकीतून एक दोनशे पानी वही आत दिली. म्हणाला, "ते लोक कधी भेटले, तर दाखव त्यांना." बस्स. गाडी सुटली. त्याने हातही हलवला नाही, कारण हातात काटा होता.

आता 'ते लोक' म्हणजे कोण, हे सांगायलाच हवं. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणीतरी पहिला बर्फ आणि पहिली पुरणपोळी यांवर लिहितंच; यंदा मला लिहू द्या. तिकडे राहिलेल्यांनी वाचावं आणि इकडे आलेल्यांनीही. इकडे आलेल्यांना माझा राग कमी येईल, असा आपला माझा अंदाज.

'द पार्सल ऑफिस' हा इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका कायम ओल्या गावातला चार जणांचा बँड. त्यांचे जगात एकूण अकरा चाहते. त्यांतले नऊ नातेवाईक आणि उरलेले दोघं पुण्यात, एकाच सोसायटीत, मी दुसऱ्या मजल्यावर आणि मिलिंद समोरच्या इमारतीत चौथ्या. त्यांचं एकही गाणं कधी गाजलं नाही. समीक्षकांनी त्यांना शिव्याही दिल्या नाहीत. शिवी द्यायलासुद्धा माणूस दिसावा लागतो. त्यांचा गायक गातो कसा, तर शेजाऱ्याला चुकून आपल्याकडे आलेलं विजेचं बिल नेऊन द्यावं आणि दारात उभं राहून त्यालाच ते वाचून दाखवावं, तसा. विषय तेवढेच भव्य. चुकून दुसऱ्याची छत्री घरी आणलेला माणूस. बंद पडलेल्या गिरणीचा अजूनही वाजणारा भोंगा. आणि कपडे वाळत नाहीत या विषयावर आठ मिनिटं.

हे लोक आमच्यापर्यंत पोचले ते मिलिंदच्या वडिलांमुळे. ते पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथे मशिन बसवायला आलेल्या इंग्रज इंजिनिअरने त्यांना तीन दिवसांसाठी एक कॅसेट ऐकायला दिली. आम्ही ती घेऊन कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात धावलो, आपली प्रत करून घेतली आणि मूळ कॅसेट साहेबाला परत केली. साहेब मायदेशी गेला. आम्ही मात्र पुढची सहा वर्षं त्याच एका कॅसेटवर काढली. काय उडती गाणी होती! ते कपड्यांचं गाणं तर असं पळायचं, की मिलिंदच्या ताईच्या हळदीला आम्ही ते लावलं आणि तिच्या होणाऱ्या सासूबाई हळदीच्या वाटीसकट नाचल्या. ओल्या चादरीवरच्या शोकगीतावर नाचणारं ते जगातलं पहिलं आणि शेवटचं वऱ्हाड.

भानगड मिलिंदने पकडली. त्याच्या आई हार्मोनियम शिकवायच्या. एका रविवारी तो पेटीवर ती गाणी वाजवून बघत बसला होता आणि एकही गाणं कुठल्याच पट्टीत बसेना. पांढरी चार लावली तर गाणं वर जायचं, काळी तीन लावली तर खाली राहायचं. मी म्हटलं, इंग्रज बेसूर असतील. तो वाजवतच राहिला. दोन तासांनी म्हणाला, "बेसूर नाहीत. घाईत आहेत." कॅसेट भरणाऱ्याचं मशिन घसरत होतं आणि आमची प्रत मूळ गाण्यापेक्षा जलद झाली होती. मग त्याने आपला टेपरेकॉर्डर उघडला. मोटरच्या पाठीला एक बारीक छिद्र असतं, त्यात आणखी बारीक स्क्रू. तो तसूभर फिरवला आणि खरी गाणी सुरू झाली. अरे देवा. घरात कोणीतरी आजारी असल्यासारखं वाटलं. आम्ही एक बाजू पूर्ण ऐकली, एकमेकांकडे पाहिलं आणि मिलिंदने स्क्रू होता तिथे परत नेला.

"आपल्याकडे ते असंच गातात," तो म्हणाला.

हे सगळं त्याने वहीत लिहून ठेवलं. गाण्यांचे शब्द, प्रत्येक गाण्याची चुकीची आणि बरोबर पट्टी, हळदीचा प्रसंग. आणि एक मोठा लेख: ही माणसं आपल्याला घाईत का आवडली, आणि दुःखाला थोडा वेग दिला की ते बरोबर घेऊन फिरता कसं येतं. आमची कामाची वाटणी ठरलेली होती, मी बोलायचो आणि तो लिहायचा. या वाटणीचा मी पुढे फार उपयोग केला.

आम्ही दोघंही रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालो. मला डब्लिनजवळच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीचं काम लागलं. मिलिंदच्या वडिलांना त्याच वर्षी अर्धांगवायू झाला. तो राहिला, ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागला. 'तू हो पुढे, मी येतोच' असं तो म्हणाला होता, आणि आम्हा दोघांनाही ते खोटं आहे हे माहीत होतं. त्याने मारलेली मला आठवणारी ही एकमेव थाप. माझ्या थापा मोजायच्या तर दुसरी दोनशे पानी वही लागेल.

कंपनीच्या गावी, स्वोर्ड्समध्ये, पहिल्याच नोव्हेंबरात मला कपड्यांचं गाणं कळलं. एक विजार रेडिएटरवर तीन दिवस ठेवून शेवटी मी ती ओलीच घालून कामावर गेलो आणि बसमध्ये हुंदका आला. पण फोनवर मिलिंदला हे कसं सांगणार? मी सांगितलं, बँडचा गायक इथेच राहतो, आमच्या मागच्या गल्लीत. मग पुढच्या महिन्यात तो मला दुकानात दूध घेताना भेटला. मग घरी आला. मग त्याला माझं पिठलं आवडलं. मिलिंद ऐकायचा आणि विचारायचा, "वही दाखवलीस?" मी म्हणायचो, "योग्य वेळ बघतोय." एकोणीस वर्षं मी योग्य वेळ बघत होतो. तेवढ्यात बँड फुटला, परत जुळला, दोघांचे घटस्फोट झाले, एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

आणि गेल्या वर्षी बातमी आली. त्यांचा सगळा संसार एका खोक्यात निघतोय: पाच डिस्क, चारही अल्बम, न निघालेली गाणी आणि सोबत जाडजूड पुस्तक. त्या पुस्तकासाठी चाहत्यांनी आठवणी पाठवाव्यात, असं आवाहन होतं.

खोक्याबद्दल आधी मनापासून दोन शब्द बोलू द्या, कारण ते कोणीच बोललेलं नाही. तिसऱ्या डिस्कवर गिरणीकामगारांच्या पितळी वाद्यांबरोबरचं रेकॉर्डिंग आहे. त्यात एक म्हातारा अर्ध्यातच वाजवायचा थांबतो, खोकतो आणि 'माफ करा' म्हणतो. त्यांनी ते तसंच ठेवलंय. या एका खोकल्यासाठी मी गाजलेल्या दहा बँडांची सगळी पदकं ओवाळून टाकीन. बरोबर वेगात, स्वच्छ करून ऐकल्यावर कळलं, की यांची सगळी गाणी गावातच राहिलेल्या माणसांची आहेत. एकही गाणं निघून गेलेल्याचं नाही. निघून गेलेल्यांना ते साधं हाकही मारत नाहीत. एकोणीस वर्षं मी ज्यांना माझे म्हणत होतो, ते मुळात मिलिंदचे होते.

तर आवाहन. मी वही काढली. वाटल्यास पडताळून पाहा, पण मी सुरुवात प्रामाणिक केली होती. मिलिंदचा लेख इंग्रजीत केला, 'आम्ही' होतं तिथे 'आम्ही'च ठेवलं आणि खाली दोन नावं घातली, त्याचं आधी. पाठवून दिलं. ते छोटं प्रकाशन हेलन नावाची एक बाई आपल्या स्वयंपाकघरातून चालवते. तिचं आठवड्यात उत्तर आलं. तिला लेख इतका आवडला होता, की ती रडली होती. फक्त एक अडचण होती: जागा एकाच पानाची आणि दोन माणसांत वाचणारा हरवतो. सगळं एकाच माणसाच्या तोंडी केलं तर? सोबत पान एकोणचाळीस तयार करूनच पाठवलं होतं. 'मी पेटी वाजवत बसलो होतो.' 'मी स्क्रू फिरवला.' खाली एकच नाव, माझं. तिला पत्र मी लिहिलं होतं म्हणून माझं. मिलिंदचं नाव मागे आभारांच्या यादीत घालू, असं तिने लिहिलं होतं. यादीही जोडलेली होती. तिच्यात तो नव्हता. विसरली असेल बिचारी.

आता माझा धंदा ऐका. आमच्या कारखान्यात गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल छापायच्या आधी त्यावर अकरा सह्या लागतात. नववी माझी. एका चुकीच्या जागी पडलेल्या टिंबापायी मी अख्खी बॅच अडवलेली आहे; मॅनेजर माझ्याशी दोन महिने बोलत नव्हता. वडिलांचा उपदेश मी भाकरीला लावून खाल्ला. ते पान मी वाचलं आणि परत वाचलं. आभारांची यादी बोट ठेवून वाचली. मग हेलनला उत्तर पाठवलं. इथले लोक जेवण चांगलं झालं, पाऊस थांबला, बाप गेला, काहीही झालं तरी एकच शब्द म्हणतात. तोच मी लिहिला: ग्रँड.

का, म्हणून विचाराल. मी स्वतःला सांगितलं, की अर्धं तर माझंच आहे, मी बोलायचो आणि तो लिहायचा. हेही सांगितलं, की मिलिंदला कोण ओळखतं तिकडे? पण खरं कारण याहून हलकं आहे. इतकी वर्षं मी इथे 'युअर मॅन फ्रॉम क्वालिटी' होतो. म्हणजे तो हो, तो क्वालिटीवाला. मला एकदा तरी कोणीतरी असायचं होतं.

झालोही. खोकं निघालं आणि बँड तीन शहरांत रेकॉर्डच्या दुकानांत गायला निघाला. त्यांत डब्लिन का? तर गिटारवाल्याची बहीण सँट्रीला राहते आणि राहण्याची सोय फुकट. शनिवारी दुपारी मी माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला, सईला घेऊन गेलो. ऑफिसमधला डेक्लनही आला होता. "फेअर प्ले टू यू," असं इथलं शाबास म्हणत त्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की एकोणीस वर्षांचा परकेपणा त्या एका थापेत निघून गेल्यासारखं वाटलं. दुकानदाराने मला पान एकोणचाळीस मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. चाळीसेक माणसं होती. मी पुढे चारशे सांगेन, पण चाळीसच होती. लोक हसले, हळदीच्या प्रसंगाला टाळ्या वाजल्या.

मग सही घ्यायला गेलो. गायक आता थकलाय, एका कानात यंत्र घालतो. माझं नाव ऐकल्यावर खुर्चीतून उठला. म्हणाला, "तुझं पान वाचल्यावर मी ते कपड्यांचं गाणं घरी मुद्दाम पळवून ऐकलं. बायकोला हाक मारली. अगं, हे तेच आहे! पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये आम्ही ते अस्संच वाजवलं होतं, या वेगात. निर्मात्याने सावकाश करायला लावलं. म्हणाला, दुःखी माणसं एवढ्या घाईत नसतात. तेव्हापासून वाटतंय, की कुठेतरी चुकलं आणि सांगायला कोणी नव्हतं. तुला कसं कळलं रे?"

"पेटीवर," मी म्हटलं.

"अजून वाजवतोस?"

इथे थांबता आलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्या तोंडात मिलिंदचं नाव होतं. मी म्हटलं, "कधीमधी."

शेजारून सई म्हणाली, "बाबा, वी डोंट ईव्हन हॅव वन."

गायक खळखळून हसला. पोरं सगळीकडे सारखीच, म्हणाला. परतीच्या बसमध्ये सई खिडकीबाहेर बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्यासारखी. सँट्री गेल्यावर तिने तोंड न वळवता विचारलं, "दॅट वॉज मिलिंद काका, वॉझंट इट?"

"हो," मी म्हटलं.

"ग्रँड," सई म्हणाली. त्या शब्दाला एवढी धार असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हेलनला लिहिलं, की दुरुस्ती करा. तिने कळवलं, की पुन्हा छापायचा विचार नाही, आहेत तेच खपले तर पुष्कळ. मिलिंदला मी खोकं पाठवलंच नाही. कस्टममध्ये अडकलंय, म्हणून सांगत राहिलो.

डिसेंबरात पुण्याला गेलो. चार मजले चढून मिलिंदकडे पोचलो, दार काकूंनी, म्हणजे त्याच्या आईंनी उघडलं. त्या आता पंच्याहत्तरीच्या आहेत, पेटीच्या शिकवण्या बंद झाल्या, पण आवाज तोच. आत शोकेसवर ते खोकं. पुस्तक उभं करून ठेवलेलं, पान एकोणचाळीस उघडं. इंग्लंडला गेलेल्या एका विद्यार्थ्याने सरांना पाठवलं होतं.

"अरे, ये ये लेखक!" काकू म्हणाल्या. "एवढं सुंदर लिहितोस आणि आम्हाला पत्ता नाही? मला कुठलं इंग्रजी कळायला, मिलिंदने सगळं मराठीत करून वाचून दाखवलं. ते पेटीचं ऐकताना तर मला वाटलं, आमच्याच घरातलं लिहिलंय."

मी मिलिंदकडे पाहिलं. केस गेलेत, बाकी तसाच.

"आपल्याच घरातलं आहे ते, आई," तो म्हणाला. "हा इथेच तर पडीक असायचा. लहानपणापासून लिहितो तो. तुझंच लक्ष नव्हतं."

मग काकूंनी पोहे केले. मी खाल्ले. दोनदा घेतले. न खाऊन सांगणार काय?

तो खालपर्यंत सोडायला आला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबलो. "मिल्या, ते पान..."

"पोचलं ना त्यांच्यापर्यंत? झालं मग."

"झालं नाही. ऐक. तो गायक मला भेटला." आणि मी सगळं सांगितलं. यंत्र घातलेला कान, बायकोला मारलेली हाक, गॅरेज, निर्माता. गाणं मुळात आपल्याच वेगातलं होतं. तू चुकला नव्हतास, आपली कॅसेट चुकली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी एक अक्षर न वाढवता काही सांगत होतो.

मिलिंद कठड्याला टेकून ऐकत होता. शेवटी तो हसला, अगदी मनापासून.

"तू ना, सुधारणार नाहीस. आधी तो तुझ्या मागच्या गल्लीत राहायचा, मग पिठलं खायला यायचा, आणि आता म्हणे गाणंच मुळात जलद होतं!"

"आईशपथ, मिल्या."

"बरं बरं." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी चिडलेलो नाही रे. मला बरं वाटावं म्हणून एवढं रचत नको बसूस."

स्वोर्ड्समध्ये मी काहीही सांगितलं तरी खपतं. लोक माझ्याकडून पेटी ऐकायचं आमंत्रण मागतात. पृथ्वीवर एकच जिना असा आहे, जिथे माझी थाप दुसऱ्या पायरीवर पकडली जाते, आणि तिथेच मी माझ्याकडचं एकुलतं एक खरं घेऊन गेलो. आता कोणी विचारलं, घर कुठे, तर मला तो जिना दिसतो. तिथे मला दार उघडतात, पोहे मिळतात, माफीही मागायच्या आधी मिळते. विश्वास तेवढा मिळत नाही. तो मी इकडे येऊन खर्च केला.

तिकडे राहिलेल्यांनो, तुमच्यापैकी कोणाला जमलं तर चौथ्या मजल्यावर जा. दारावर मिलिंदचं नाव आहे. त्याला सांगा, की तो गायक असं म्हणाला, त्याच्या तोंडचे शब्द आहेत. तुमचं तो ऐकेल. फक्त मी पाठवलंय, असं सांगू नका.